सैपाकघराचे पाच हात

माझ्या मायच्या हातचं जेवून जानेफळातली निम्मी माणसं ढेकर देत उठली असतील, पण ती स्वतः मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून निवांत जेवते आहे, असं मी दहावीला जाईपर्यंत एकदाही पाहिलं नव्हतं. एकदाही नाही! हे मी कौतुकानं सांगत नाही. ‘आमच्या आईनं फार सोसलं हो,’ असं म्हणत डोळे टिपणारे लोक मला सहन होत नाहीत. सोसलं म्हणजे काय? कोणीतरी सोसायला लावलं म्हणून सोसलं ना? त्या लावणाऱ्याचं नाव मात्र कोणी घेत नाही. आता माझं वय झालं, दात पडले, कोणाचं भय राहिलं नाही, तेव्हा मी घेते. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. माणूस वाईट नव्हता. व्यसन नाही, शिवीगाळ नाही, घरात धान्याची कधी कमी पडू दिली नाही. पण बायकांनाही ढुंगण टेकायला जागा लागते, ही गोष्ट त्यांच्या डोक्यात कधी शिरलीच नाही.

जुन्या घरातलं आमचं सैपाकघर म्हणजे मधल्या खोलीच्या मागं काढलेली एक पट्टी होती. एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला रांजण, मध्ये पिठाचे डबे आणि सरपण. चुलीपुढं एक बाई बसली की दुसरीला तिला ओलांडून जावं लागे. सकाळी उठल्यापासून तिथून भाकरी थापण्याचा आवाज यायचा आणि त्याच्या जोडीला मोठ्या मायचा, म्हणजे मोठ्याबाबांच्या बायकोचा, खोकला. धूर बाहेर जायला वर एक भोक होतं. ते बाहेरचा वारा आत आणायचं आणि आतला धूर आतच ठेवायचं. मधल्या खोलीत पाट मांडले जायचे. मोठेबाबा, बाबा, माझा चुलतभाऊ, आलेला पाहुणा, शेतावरचा सालदार, सगळे बसायचे. तव्यावरची भाकरी फुगली की मी ती उचलून धावत ताटात नेऊन टाकायची. पातोडीचा रस्सा, कांद्याची फोड, लसणाचा ठेचा, वर कच्च्या तेलाची धार. ‘तेल आण’, ‘पाणी आण’, ‘मीठ कोठी हाय?’ असा धडाका चालायचा. त्यांचे हात धुऊन झाले की मग आमची पाळी.

पाळी म्हणजे अक्षरशः पाळी. मोठी माय उंबऱ्यावर बसून जेवायची. मी परसातल्या कपडे धुण्याच्या दगडावर. चुलतभावाची बायको, शांतावहिनी, मागच्या दाराला टेकून, ताट तळहातावर धरून, उभ्यानं. आणि माय सगळ्यांत शेवटी, विझत्या चुलीकडं तोंड आणि आमच्याकडं पाठ करून, ज्या परातीत पीठ मळलं त्याच परातीत रस्सा ओतून. रस्सा उरला नसेल तर ठेचा आणि पाणी. मी नववीत होते त्या वर्षी वहिनी पोटुशी होती. पाय सुजलेले, कमरेवर एक हात, दुसऱ्यावर ताट. मी तिला म्हटलं, ‘वहिनी, बसून जेव ना वो.’ ती हसली आणि म्हणाली, ‘बसू कोठी? तुह्या डोक्यावर?’ तिला हसू आलं, मला अजून येत नाही.

मग मेहकरच्या रस्त्याला प्लाट घेतला गेला आणि घरात दुसरा विषयच उरला नाही. नवीन घर! पक्क्या विटांचं, वर स्लॅब. मोठेबाबा आणि बाबा रोज दुपारी ओसरीवर बसून खडूनं फरशीवर चौकोन काढायचे आणि फडक्यानं पुसायचे. देवघर कुठं, कोठीची खोली केवढी, बैलांचा गोठा किती लांब, गोठ्यात वारा खेळेल का. बैलांच्या वाऱ्याची चर्चा दोन दिवस चालली. खरं सांगते.

या सगळ्यात माय कुठं होती? दाराआड. आमच्याकडं तेव्हा भासऱ्यासमोर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर, बाई उभी राहत नसे आणि त्याच्याशी बोलत तर मुळीच नसे. लग्न होऊन आलेली माय एका छताखाली वर्षानुवर्षं राहिली, त्या माणसाला दोन वेळ रांधून घातलं, त्याच्या तापात त्याच्यासाठी काढे उकळले, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. बोलायचंच झालं तर मला मध्ये उभं करायची. ‘बेबी, तुह्या मोठ्याबाबाले विचार, ताक घेता का?’ मोठेबाबा चार हातांवर बसलेले, कान शाबूत, तरी मी विचारायचं आणि त्यांनी मला सांगायचं, ‘हाव म्हणा.’ लोक याला मर्यादा म्हणत. मी काय म्हणते ते इथं लिहीत नाही.

म्हणून मायनं बाबांना गाठलं. खळ्यावर तूर पाखडत होती, बाबा पोती शिवत होते. सूप न थांबवता म्हणाली, ‘मले नव्या घरात काही नको. कपाट नको, काही नको. फक्त सैपाकघर असं पायजे का आमी चौघीजणी एका वक्ती बसून जेवू. मांडी घालून.’ बाबा म्हणाले, ‘एवढंच ना? दहा हात लांब देतो.’ रुंदी सगळ्या खोल्यांची नऊ हात ठरलेलीच होती. एक हात म्हणजे दीड फूट. समोर बैठक बारा हात आणि तिच्या पाठीमागं सैपाकघर दहा हात, असा बेत झाला. त्या दिवशी संध्याकाळी माय मला अंगणात पावलं टाकून दहा हात केवढे होतात ते दाखवत होती. ‘इथं तुही मोठी माय बसन. इथं शांता. लेकरू झालं का त्याचा पाळणा इकडं.’ तिला इतकं बोलताना मी पाहिलंच नव्हतं.

दोन दिवसांनी मोठेबाबा मेहकरहून आय शिकून आले. आय म्हणजे खोलीचा शुभाशुभ काढायचा जुना हिशोब. लांबी आणि रुंदी हातात मोजायची, गुणायची, आठानं भागायचं आणि बाकी काय उरते ते बघायचं. एक उरला तर ध्वज, दोन धूम, तीन सिंह, चार श्वान, पाच वृषभ, असं पुढं. विषम ते चांगलं, सम ते वाईट. कोणीतरी त्यांना हे सांगितलं आणि झालं! माणूस दिसेल ती खोली मोजत सुटला. आमची बैठक बारा गुणिले नऊ, आठानं भागले, बाकी चार. श्वान! सैपाकघर दहा गुणिले नऊ, बाकी दोन. धूम! ‘बैठकीत कुत्रं बसवाचं का? अन् सैपाकघरात धूर?’ मोठेबाबा कपाळाला हात लावून म्हणाले. आता, सैपाकघरात धूर आमच्या जन्मापासून होता, तो कोणाला खटकला नव्हता.

त्यावर त्यांनी तोड काढली. मधली भिंत पाच हात मागं सरकवायची. बैठक सतरा हात, सैपाकघर पाच हात. बैठकीत ध्वज येतो, सैपाकघरात वृषभ येतो, सगळं शुभ. बाबा म्हणाले, ‘पाच हात कमी होईन, दादा.’ मोठेबाबा म्हणाले, ‘पाच हातात काय हत्ती बांधतं का? शास्त्र हाय ते.’ आणि बाबांनी फडक्यानं दहा हातांचा चौकोन पुसला. माझे बाबा शेतात नांगर धरला तर दोन बैलांना ऐकत नसत, पण दादापुढं त्यांचं काही चालत नसे. दाराआड मायच्या बांगड्या वाजल्या आणि ती आत निघून गेली.

मला गणित येत होतं. मी फळकुटावर मांडून पाहिलं. भिंत पाचऐवजी एकच हात मागं सरकवली, बैठक तेरा हात आणि सैपाकघर नऊ हात धरलं, तर बैठकीत बाकी पाच, वृषभ. सैपाकघरात बाकी एक, ध्वज. दोन्ही शुभ! मी धावत ओसरीवर गेले आणि सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. मोठ्याबाबांनी पुन्हा भागाकार केला, बोटांवर केला, खडूनं केला. बरोबर निघाला. मग त्यांचा चेहरा जो लाल झाला! ‘ध्वज सैपाकघरात? झेंडा काय बायाईच्या डोक्यावर लावाचा? बैठकीले ध्वज पायजे. गावची माणसं बसतात तिथं. अन् तू काऊन बोलून राह्यली बे मधात? पोट्टी शाळेत काय गेली, घरधनी झाली!’ मी बाबांकडं पाहिलं. बाबा खडूचा तुकडा चुरत बसले होते.

तेव्हा मला कळलं की ते शास्त्र वगैरे काही नव्हतं. त्यांना मोठी बैठक हवी होती, बास. सरपंचाच्या बैठकीपेक्षा मोठी. हवी होती तर तसं म्हणायचं होतं तोंडानं! पुढं कितीतरी वर्षांनी एका जाणत्या माणसानं मला सांगितलं की जुन्या रीतीत चुलीच्या जागेला धूम आय चालतो, उलट योग्यच समजतात. म्हणजे मायचे दहा हात मुळात कापायची गरजच नव्हती. ऐकून माझं रक्त इतकं उसळलं की त्या बिचाऱ्याला मी चहासुद्धा विचारला नाही.

आणि हे सगळं जुनं झालं असं कोणी समजू नका. मी आता नांदुऱ्याला असते. गेल्याच महिन्यात माझ्या मुलानं नवीन घराचा नकाशा मोबाईलवर पाठवला. हॉल केवढा, गाडी लावायला जागा केवढी, टीव्हीची भिंत वेगळी. किचन आठ बाय नऊ. मी फोन करून विचारलं, ‘सुनबाईला दाखवला का?’ म्हणतो, ‘आई, ती बिझी असते. इंजिनिअरनं वास्तूप्रमाणेच काढलाय.’ त्याला मी फोनवर जे सुनावलं ते शेजारच्यांनीही ऐकलं. नकाशा परत गेला आहे. बघू काय येतं.

तर रेघा मारायचा दिवस उजाडला. प्लाटवर खुंट्या ठोकून, दोरी ताणून, त्या दोरीखाली चुन्याची फक्की टाकायची की घराचा आराखडा जमिनीवर उमटतो. मग त्या रेघांवर पाया खणतात. एकदा खणलं की संपलं. गफूर मिस्त्री, त्यांचे दोन गडी, पाणी वाहणाऱ्या दोघी बाया, बाबा, मोठेबाबा, चुलतभाऊ असे सगळे सकाळपासून तिथं होते. नारळ फुटला. जेवण तिथंच द्यायचं होतं, म्हणून आम्ही चौघी उन्हातान्हात टोपल्या डोक्यावर घेऊन निघालो. वरण, बट्ट्या, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. वहिनीचे दिवस भरत आलेले, तरी तिच्या डोक्यावर ताकाची कासंडी होतीच.

आम्ही पोचलो तेव्हा फक्की पडून झाली होती. पांढऱ्या रेघांत घर दिसत होतं. मायनं टोपली उतरवली, पदर कपाळापर्यंत ओढला आणि मला विचारलं, ‘बेबी, सैपाकघर कोणतं?’ मी दाखवलं. ती जाऊन त्या पट्टीत उभी राहिली. इकडून तिकडं पाहिलं. मग खाली बसली, जशी चुलीपुढं बसते तशी. ‘बेबी, तुह्या मोठ्याबाबाले विचार, चूल कोठी मांडू?’

मोठेबाबा पाच पावलांवर होते. ते मला म्हणाले, ‘तिले सांग, आग्नेय कोपऱ्यात.’

‘विचार, रांजण कोठी?’

‘समोरच्या कोपऱ्यात म्हणा.’

‘अन् कोठीतलं धान्य काढून दळण ठेवाचं, सरपण ठेवाचं, ते?’

‘भिंतीले लावून ठेवाचं. काही नवलाचं विचारून राह्यली का ते?’

मायनं मोठ्या मायला हात धरून आत ओढलं, आपल्या समोर बसवलं. मग वहिनीला. मग मला. चूल, रांजण, सरपण यांच्या जागा सोडून आम्ही बसलो तर गुडघ्याला गुडघा लागला आणि वहिनीचा एक पाय फक्कीच्या रेघेबाहेर, म्हणजे भिंतीत. गफूर मिस्त्री तोंड फिरवून खाकरले. माय म्हणाली, ‘बेबी, विचार, आमी कोठी बसू?’

मोठेबाबा वैतागले. ‘बसाचं काय हाय त्यात? सैपाकघर सैपाक कराले असते!’

माय उठली. टोपलीखालची घोंगडी घेतली, सैपाकघराची रेघ ओलांडून बैठकीत गेली आणि सतरा हात बैठकीच्या बरोबर मधोमध ती अंथरली. ‘बसा,’ आम्हाला म्हणाली. पाणी वाहणाऱ्या बायांनाही तिनं हाक मारली, ‘या वो, तुमीही या.’ त्या दोघी एकमेकींकडं बघत आल्या. मोठी माय उभीच. नवऱ्याकडं पाहते, जावेकडं पाहते, खोकते. माय म्हणाली, ‘बाई, किती दिवस उंबऱ्यावर जेवान?’ तेव्हा ती बसली. माय आमच्या पानात बट्ट्या चुरून त्यावर वरण ओतू लागली. पुरुष माणसं लिंबाच्या सावलीत हात धुऊन उभी, आणि इकडं बायका जेवायला लागलेल्या. असं आमच्या सात पिढ्यांत झालं नसेल!

‘हे काय होय?’ मोठेबाबा ओरडले. ‘माणसं उपाशी अन् बाया जेवून राह्यल्या? बेबी, तिले सांग, उठ म्हणा!’

मी तोंड उघडलं. माय म्हणाली, ‘तू जेव.’ आणि मग तिनं मान वळवली. पदर कपाळावरच होता, पण त्याखालून सरळ त्यांच्याकडं पाहून, पहिल्यांदा, ती बोलली. ‘मीच सांगतो. सैपाकघरात आमी मावत नाही. तुमीच पाह्यलं आता. म्हून आमी बैठकीत जेवू. आज बी अन् घर झाल्यावर बी. रोज. गावची माणसं बसली असतीन तरी बी.’

आवाज चढलेला नव्हता. ‘ताक घेता का’ म्हणावं तसाच होता. पण मोठेबाबा असे उभे राहिले की जणू गोठ्यातली गाय बोलली. मग उपरणं झटकून, न जेवता, तरातरा गावाकडं चालते झाले. चुलतभाऊ त्यांच्यामागं. बाबा राहिले. मिस्त्रींनी विचारलं, ‘भाऊ, आता काय करू? उद्या खणाचं हाय.’ बाबांनी जाणाऱ्या दादाकडं पाहिलं, जेवणाऱ्या आमच्याकडं पाहिलं. मी घास हातात धरून बसले होते. बाबा म्हणाले, ‘दोरी तेरा हातावर घ्या. पोरीचा हिशोब बरोबर हाय.’ मग हळूच, ‘अन् आमाले बी वाढा आता.’ हे त्यांनी शौर्यानं केलं असं मी म्हणणार नाही. पोटात कावळे ओरडत होते, तेही एक कारण असेल. पण केलं. जुनी रेघ त्यांनी स्वतःच्या पायानं पुसली.

मोठेबाबा आठवडाभर घरात कोणाशी बोलले नाहीत. पाया खणला गेला, भिंती वर आल्या, मग हळूहळू त्यांनाही बोलावं लागलं. आणि वास्तुशांतीच्या दिवशी काय ऐकते मी! पाहुण्यांना हात धरून घर दाखवताहेत आणि सांगताहेत, ‘बैठकीत वृषभ धरला, अन् ध्वज मुद्दाम सैपाकघरात आणला. अन्नाचा मान मोठा असते ना. लय हिशोब करा लागला.’ मी तिथंच पाण्याची बादली घेऊन उभी होते. ओरडणारच होते, तेवढ्यात मायनं आतून हाक मारली.

बाहेर मांडवात पंगती चालू होत्या. पुरणपोळ्या, कटाची आमटी, भजी. माणसं उठत होती, बसत होती, आणि अजून तेवढीच ताटकळत होती. मोठ्याबाबांनी सैपाकघरात डोकावून पाहिलं. नऊ हात लांब, नऊ हात रुंद, थंडगार, सारवलेलं, वर खिडकी. चुलतभावाला म्हणाले, ‘अरे, इथं एक पंगत आरामात बसते! पाट आण. बायाईले म्हणा, मागं परसात जा जराशा.’ आणि पाट आणायला दोघे गेले.

माय उठली आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातली.

आत आम्ही होतो. माय, मोठी माय, मी, मांडीवर लेकरू घेतलेली वहिनी, आणि मावश्या, माम्या, शेजारणी मिळून दहा-बारा जणी. मायनं सगळ्यांना भिंतीकडेनं बसवलं. पानं मांडली. स्वतःचं पानही मांडलं आणि मांडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसली. पहिला घास घेतला आणि बाहेरून दार वाजलं. पाटांचा आवाज, मोठ्याबाबांचा आवाज. ‘अरे, कोण हाय आत? दार उघडा! माणसं उभी हायेत!’

सगळ्या बायका मायकडं बघू लागल्या. मायनं तोंडातला घास चावून गिळला, पाणी प्यायली आणि दाराकडं न वळता म्हणाली, ‘आमी जेवून राह्यलो. झालं का उघडतो.’

पुन्हा दार वाजलं, जोरात. मी उठायला लागले. तर मोठी माय, जिनं आयुष्यभर नवऱ्याच्या आवाजासरशी ताट टाकून पळत जायचं काम केलं, तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं. म्हणाली, ‘बस, बेबी. मले तूप वाढ. अन् त्याईले राहू दे उभं. सवय नाही ना, होईन.’